टेलरमावशीचा रिकामा पाट

टेलरमावशी कुणाकडेही माप घ्यायच्या नजरेनंच बघायची. पहिल्या दिवशी माझ्याकडे तशीच बघत म्हणाली, "बहिणीवर पाळत ठेवायला आला ना दादा? या, बसा." मी बसलो, पण तिनं पुढे केलेल्या चहाला हात लावला नाही.

माझी धाकटी बहीण सुमन तिच्याकडे शिवण शिकायला गेली आणि काही महिन्यांत रविवारी चर्चला जायला लागली. आईनं अन्न सोडलं. ही बाई गोड बोलून आमची मुलगी फोडणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. म्हणून तिच्या घरच्या शुक्रवारच्या बायबल-वाचनाला मीही जाऊन बसू लागलो.

एकदा तो उतारा निघाला. येशू म्हणतो, मी शांती नव्हे तर तलवार आणायला आलोय, लेकीला आईपासून वेगळं करायला आलोय. सापडली चोरी, मी मनात म्हटलं. तेवढ्यात सुमन म्हणाली, "मग मी घर सोडते. लिहिलंच आहे."

मावशीनं चष्मा काढला. "तलवार तू चालव, असं कुठं लिहिलंय गं? घरचे आपल्यावर उचलतील, हे त्याला ठाऊक होतं. आपण नाय उचलायची. मला एवढंच कळलंय, बाकी लय अवघड हाय. जा, आईजवळ बस."

मावशी मूळची विंचूरची. बाप्तिस्मा घेतल्यावर एकुलत्या एका भावानं तिला टाकलं होतं. तरी दर भाऊबीजेला ती त्याच्यासाठी पाट मांडते, असं सुमन सांगायची. मी न कळवता बघायला गेलो. पाट, निरांजन, उघडं दार. देखावा असेल, म्हणून पुढच्या वर्षीही गेलो. पाटावर बसायला लागलो तर तिनं अडवलं. "तो त्याचा हाय. तुमची बहीण घरी वाट बघत असंल."

सुमन खरंच वाट बघत होती.

गेल्या वर्षी मावशी गेली. तिला माती देऊन बाहेर आलो, तर फाटकाशी एक म्हातारा पिशवी छातीशी धरून उभा. सवयीनं मी हटकलं.

"विंचूरहून आलो. माहेरची साडी आणलीय. आत जायला पाय उचलत नाय," तो म्हणाला. "माझं नाव काढायची का ती?"

मी पाटाचं सांगितलं. दोनदा स्वतः बघितलाय, म्हणालो.

"मग मला कुणी सांगितलं का नाय?"

दोन वर्षं मी तिच्यावर पाळत ठेवली होती. विंचूर दीड तासावर. तिथं मात्र मी एकदाही गेलो नव्हतो.