मद्रासच्या उन्हात इंजिनाला हीटर

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न मागता साचतात. एक जळकं ऑइल आणि दुसरे किस्से. ऑइल न्यायला निदान भंगारवाला येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते असे चहा पिता पिता तुमच्यासारख्यांच्या अंगावर ओतावे लागतात!

मी मूळचा साताऱ्याचा. साठच्या आसपासची काही वर्षं मद्रासला, पुदुपेटेतल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. मालक सेतुराव. तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिल्यामुळे त्यांची मराठी जुनी, हेल तमिळ आणि शिव्या इंग्रजी. तिसरा महत्त्वाचा माणूस आमचा इलेक्ट्रिशियन, दोरैस्वामी. त्याला आयुष्यात दोनच गोष्टी माहीत नव्हत्या. भीती आणि वीज.

आता सांगतो ते सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत.

* * *

मे महिना. तिकडच्या त्या उन्हाला ‘कत्तिरी’ म्हणतात. रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं. अशा दुपारी एक जुनी काळी जर्मन डिझेल गाडी धूर सोडत आमच्या दारात उभी राहिली. गाडीतून उतरल्या डॉक्टर कावेरीबाई. सेतुरावांची चुलत बहीण. बाळंतपणाच्या डॉक्टर, पांढरं सुती पातळ, जाड भिंगांचा चष्मा आणि त्याहून जाड आवाज.

“सेतू, माझ्या इंजिनाला हीटर बसवून दे.”

सेतुराव कपाळावरचा घाम पुसत होते. तो हात तिथेच थांबला. दोरैस्वामीने बॉनेटला बोट लावलं, चटका बसला, तसं ते तोंडात घालून म्हणाला, “डॉक्टरम्मा, त्यापेक्षा पंखा बसवू का?”

आम्ही सगळे पोट धरून हसलो. बाईंनी आमचं हसून होऊ दिलं.

मग म्हणाल्या, “गेल्या वर्षी निलगिरीत चहामळ्यांच्या इस्पितळात नेमणूक झाली. डिसेंबरात गवतावर बर्फासारखं दव गोठतं. पहाटे बोलावणं आलं आणि ही गाडी नुसती खोकत बसली. चार माणसांनी उतारावर ढकलली तेव्हा चालू झाली. मी पोचले तेव्हा मूल होऊन गेलं होतं. बाई वाचली, पण त्यात माझा काही हात नव्हता.”

दोरैस्वामीने तोंडातलं बोट हळूच बाहेर काढलं.

“आता हसा,” बाई म्हणाल्या.

* * *

सेतुराव कुठलंही काम हातात घेण्याआधी त्यावर वाचन करत. त्यामुळे आमच्याकडची कामं उशिरा व्हायची, पण विद्वत्तापूर्ण व्हायची! आठवड्याने त्यांनी मला आणि दोरैस्वामीला समोर बसवलं.

“माने, मी अस्की वाचलों.” अस्की म्हणजे सगळं. “हीटर तीन जातीचे. एक ऑइल मोजायच्या पट्टीच्या जागी खुपसायचा. दुसरा रेडिएटरच्या खालच्या नळीत बसवायचा. तिसरा थेट इंजिनच्या ब्लॉकमध्ये, झाकण काढून, पाण्यात.”

“मालक,” दोरैस्वामी म्हणाला, “सर्वांत सोपा कुठला?”

“पट्टीवाला.”

“मग तोच चांगला.”

आमच्याकडे निवडीची हीच पद्धत होती.

मी जॉर्ज टाउनच्या बाजारात गेलो. तिथे परदेशी मालाचं एक दुकान होतं, तिथला शेठ म्हणे हत्तीसुद्धा मागवून देई. त्याला म्हटलं, इंजिन गरम करायचा हीटर पाहिजे. त्याने आधी मला नीट पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, मग गड्याला सांगितलं, “यांना बसायला खुर्ची दे. आणि पाणी.”

शेवटी एका जुन्या खोक्यात पट्टीवाला एक सापडला. आम्ही तो गाडीत घालण्याआधी ऑइलच्या डब्यात बुडवून चालू केला. थोड्या वेळाने कांडीभोवतीचं ऑइल करपून काळं पडलं, डब्याच्या कडेचं होतं तसंच राहिलं. गॅरेजभर तळणीचा वास सुटला.

तेवढ्यात सेतुरावांची बायको वरच्या मजल्यावरून ओरडली, “अप्पळं कोण तळतंय? मला नाही का विचारायचं!” अप्पळं म्हणजे तिकडचे पापड.

पट्टीवाला बाद झाला. नळीवाला कुठे मिळालाच नाही. उरला तो ब्लॉकमधला. म्हणजे सर्वांत अवघड तेवढा शिल्लक राहिला. आमची निवड पूर्ण!

* * *

कावेरीबाईंचा धाकटा भाऊ कॅनडात होता. तिकडे म्हणे प्रत्येक गाडीला हीटर असतो, नाहीतर गाडी वसंत ऋतूपर्यंत जागची हलत नाही. त्याने एक पार्सल केला. पार्सल मद्रास बंदरात आलं आणि कस्टममध्ये अडकलं.

चौकशी केली तर तिथला अधिकारी मराठी, पुण्याचा! मला वाटलं काम झालंच. मी ऐटीत गेलो, नमस्कार केला, गाव विचारलं, पुण्याच्या हवेची स्तुती केली. ते साताऱ्याच्या कंदी पेढ्यांबद्दल चांगलं बोलले. मग त्यांनी ते यंत्र टेबलावर ठेवलं.

“हे काय आहे?”

“हीटर आहे साहेब. इंजिन गरम करायला.”

“कुठे?”

“इथेच. मद्रासला.”

साहेबांनी डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. त्यांच्या पाठीला शर्ट चिकटला होता. “माने, आपण दोघं एका मुलखातले. मला खरं काय ते सांगा. सोनं कुठे लपवलंय?”

मी शपथा घेतल्या. उटीचं दव सांगितलं, गाडीचा खोकला काढून दाखवला. काही उपयोग होईना. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणालो, “साहेब, एका डॉक्टरीणबाईंसाठी आहे हो! बाळंतपणाला लागतं!”

“मग हे आधी नाही का सांगायचं?” साहेब एकदम मऊ झाले आणि कारकुनाला ओरडून म्हणाले, “लिही. वैद्यकीय उपकरण.”

* * *

मग बसवण्याचा दिवस उजाडला. इंजिनच्या ब्लॉकला कडेला पत्र्याची गोल झाकणं ठोकून बसवलेली असतात. त्यातलं एक काढायचं, तिथे हीटर घालायचा. आतलं पाणी आम्ही सोडून दिलं. सेतुराव खुर्चीवर बसून सूचना वाचत होते.

“इथे लिहिलंय, झाकण हळुवार ठोका म्हणजे ते कडेवर फिरेल, मग पक्कडीने ओढा.”

दोरैस्वामीने सर्वांत मोठा हातोडा उचलला.

“हळुवार!” सेतुराव ओरडले.

“मालक, हा हळुवारच आहे. जोरदार मी घरी ठेवलाय.”

एकच घाव घातला. झाकण फिरलं नाही की काही नाही, सरळ आत जाऊन पडलं! इंजिनच्या पोटात, पाण्याच्या जागेत. मग आम्ही पक्कड घातली, तार घातली, लोहचुंबक घातलं. झाकण आतल्या आत सरकत राहिलं. सेतुरावांनी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

तेवढ्यात गाडी झाली का बघायला कावेरीबाई आल्या. परिस्थिती पाहिली. एक शब्द न बोलता पदर खोचला, बॅग उघडली, लांब चिमटा काढला आणि बॉनेटखाली वाकल्या.

“टॉर्च धरा. कोणी हलू नका.” मग आत बघत, “आडवं आलंय. थांबा, फिरवते.”

का कोण जाणे, मी टोपी काढून हातात धरली होती. मनगट जरासं वळलं आणि झाकण अलगद बाहेर आलं.

सेतुरावांना राहवलं नाही. “काय झालं, अक्का?”

“पत्रा झाला,” बाई म्हणाल्या. “बाप कोण?”

सगळ्यांनी दोरैस्वामीकडे पाहिलं.

* * *

भोक जर्मन, हीटर कॅनडाचा, त्यामुळे दोघांचं माप जमेना. लेथवर पितळेची रिंग करून तो एकदाचा बसवला, पाणी भरलं, गळत नाही हे पाहिलं. आता वीज द्यायची.

हीटरवर लिहिलं होतं एकशे दहा व्होल्ट. आपल्याकडची वीज त्याच्या दुप्पट. मी दोरैस्वामीला ते दाखवलं.

“ते कमीत कमी लागतात, सार,” तो म्हणाला. “जास्त दिले तर नाही म्हणतो का तो?” आणि त्याने प्लग घातला.

फट्! आमचा फ्यूज गेला असता तर ठीक, पण दोरैस्वामीने आमच्या फ्यूजमध्ये कधीकाळी जाड तार घालून ठेवलेली, त्यामुळे सगळ्या गल्लीची वीज गेली. शेजारच्या मैदानात त्या संध्याकाळी कुणा पुढाऱ्याची सभा चालू होती. लाउडस्पीकर वाक्याच्या मधोमध मेला.

थोड्या वेळाने बाहेर पावलं वाजली. बघतो तर माणसांचा घोळका आमच्याच दाराकडे! सेतुरावांनी मला पुढे ढकललं. एक म्हातारे गृहस्थ आत आले आणि विचारलं, “वीज तुम्ही घालवलीत?”

मी मान खाली घातली. “हो. चूक झाली.”

त्यांनी माझ्या हातात गरम बोंड्यांचा पुडा ठेवला. “दुपारपासून बोलत होता हो तो!”

नशीब, हीटर जळला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही व्होल्टेज उतरवायचा ट्रान्सफॉर्मर आणला, आणि प्लगला हात लावायचा नाही अशी दोरैस्वामीला तंबी दिली. आमच्या इलेक्ट्रिशियनला!

* * *

हीटर चालतो की नाही हे मद्रासमध्ये कळणार कसं? इंजिन आधीच तापलेलं! सेतुरावांनी तोडगा काढला. बर्फाच्या लाद्या मागवल्या, भुसा झाडून इंजिनभोवती रचल्या. “आता ही उटी,” ते म्हणाले.

आमची उटी पाहायला अर्धी पुदुपेट लोटली. बघणारे जाता जाता एकेक तुकडा उचलू लागले. एक सरबतवाला हातगाडी घेऊन आला आणि आमच्याच फाटकात धंदा करू लागला. बघता बघता उटी वितळून गटारात गेली. सेतुरावांनी इंजिनला हात लावला. गरम!

“पास!” ते ओरडले.

कोण पास झालं, हीटर की सूर्य, ते मी विचारलं नाही. नोकरी करायची होती.

* * *

म्हणून मग डिसेंबरात मला उटीजवळच्या त्या इस्पितळात पाठवलं, हीटर खरंच चालतो का पाहायला. आयुष्यात पहिल्यांदा मी तीन स्वेटर एकावर एक घातले. रात्रभर हीटर लावून ठेवला, आणि पहिल्याच पहाटे बोलावणं आलं. कावेरीबाईंनी कळ ओढली, स्टार्टर दाबला, आणि इंजिन पहिल्या फटक्यात चालू! बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. खाडकन गिअर टाकून त्या निघून गेल्या.

हीटरचा प्लग काढायला मात्र विसरल्या. गाडीमागे वायर, वायरीमागे ट्रान्सफॉर्मर, आणि त्यामागे ब्लँकेट गुंडाळलेला मी. ट्रान्सफॉर्मर दगडांवर उड्या मारत चाललेला. वळणावर एक मळेवाला गोरा साहेब कुत्रं घेऊन फिरत होता. त्याने टोपी उचलून मला गुड मॉर्निंग केलं. त्याला वाटलं असावं, मद्रासकडे ट्रान्सफॉर्मरही असेच फिरवायला नेतात!

* * *

आणि हा शेवटचा. आधीच सांगून टाकतो, पोरगी वाचली. म्हणजे ऐकताना तुम्ही हसायला मोकळे.

मी अजून तिथेच होतो. मारी नावाचा मळ्यावरचा एक मजूर. त्याच्या बायकोला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. अशा मुलांना ऊब देणारी काचेची पेटी आमच्या इस्पितळात नव्हती, ती खाली कोइमतूरला. इस्पितळाची व्हॅन दवात गोठून गप्प बसलेली. आमची डिझेल पहिल्या फटक्यात चालू झाली.

त्या जर्मन गाडीत माणसांसाठीही गरम हवेची सोय होती. मद्रासमध्ये ती कळ कोणी ओढली तर त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेतील. पण आमचं इंजिन आधीच तापलेलं, त्यामुळे बाईंनी कळ ओढल्याबरोबर भसकन गरम हवा आली. त्या पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर टॉवेलांत गुंडाळलेली पोरगी. मागे मारी आणि त्याची बायको. गाडी मी चालवत होतो.

“काचा वर,” बाई म्हणाल्या. “पेटी येईपर्यंत ही गाडीच पेटी.”

कुन्नूरपर्यंत स्वर्ग होता. घाट उतरत गेलो तसे माझे स्वेटर एकेक करून निघाले. मारीने कांबळं काढलं, मग कोट काढला. मेट्टुपाळयमला आलो तेव्हा डोक्यावर मैदानी ऊन, सगळ्या काचा बंद आणि हीटर फुल! काचांवर आतून वाफ धरलेली. मी बनियनवर. बाईंचं पातळ पिळून काढावं इतकं ओलं, पण नजर पोरीच्या ओठांवरून हलत नव्हती. मधूनच त्या कान खाली नेऊन श्वास ऐकायच्या.

“सार,” मागून मारीने बारीक आवाजात विचारलं, “आपल्याला काही होणार नाही ना?”

“बाळाला विचार,” बाई म्हणाल्या. “ती तक्रार करत नाहीये.”

पुढे रेल्वेचं फाटक पडलं. गाडी उन्हात उभी. तिथल्या पोलिसाने पाहिलं, एवढ्या उकाड्यात एक काळी गाडी, काचा गच्च बंद, आत धूसर हलणारी माणसं. तो आला आणि दंडुक्याने काच वाजवली. मी ती चार बोटं खाली केली. आतली हवा तोंडावर येताच तो दोन पावलं मागे गेला, मग पुन्हा पुढे येऊन आत डोकावला. बनियनवर मी, उघडाबंब मारी, घामाने थबथबलेल्या दोन बायका.

“कोण तुम्ही?” तो ओरडला. “काय चाललंय आत?”

कावेरीबाईंनी मान वर केली नाही. पोरीवर पदर ओढला आणि म्हणाल्या,

“जे विचारायचं ते काचेतून विचारा. गार वारा आत येतोय!”