टीगार्डनचं फाटक

लव्हॉन कुचेराला काउंटीत कुणी डेप्युटी म्हणत नसे. शेरीफच्या हाताखाली दोनच डेप्युटी, त्यातली ती एक. पण लोकांच्या लेखी ती कुचेराची थोरली, हल्ली पोलिसांची गाडी चालवते ती. कमरेला पिस्तूल होतं खरं, पण ते बाहेर निघायचं रस्त्यावर जायबंदी झालेल्या हरणांसाठी. बाकी काम गुरांचं. नेब्रास्काच्या त्या टेकड्यांत माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाईला कुरण काय नि हमरस्ता काय, सारखंच.

गुरांच्या रँचवर वाढलेल्या पोराला एक गोष्ट फार लवकर शिकवतात. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, आणि उतरून ते उघडायचं-लावायचं काम गाडीत शेजारी बसलेल्याचं. लव्हॉनला हे ऑर्व्हल टीगार्डननं शिकवलं. शाळेच्या सुट्टीत ती त्याच्याकडे कामाला होती. एकदा फाटक लावायला विसरली, तर त्यानं तिला भर उन्हात टेकडीपलीकडून पायी परत पाठवलं. त्याचा राग तिनं बरीच वर्षं धरला. विसरली मात्र पुन्हा कधीच नाही.

यंदा शिकारीचा मोसम सुरू झाला आणि त्याच ऑर्व्हलचं फाटक उघडं सापडू लागलं. दोनदा तिनं गुपचूप गुरं आत हाकलली आणि अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या खेपेला शाळेची बस गाईवर आदळता आदळता वाचली.

"एकटा राहतो, ऐंशी उलटली," शेरीफ म्हणाला. "तोच विसरत असेल तर त्याच्या मुलीला कळवायला हवं."

कळवलं की पुढे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गुरं लिलावात, आणि ऑर्व्हल लिंकन शहरात, मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात.

लव्हॉन त्याच्या घरी पोचली तेव्हा ऑर्व्हल टोपी घालून तयारच होता.

"शिकारी आहेत मेले, शहरातले! फाटक लावायला हात झिजतात त्यांचे. चल, ने मला शेरीफकडे, तक्रारच देतो."

"बसा."

"आणि तू काय करतेस गं दिवसभर? पेट्रोल जाळत हिंडायचं नुसतं!"

"तुमच्या गाई वळते, ऑर्व्हल. पगार काउंटी देते."

म्हातारा खुदकन हसला. शिकारीच असू देत, असं लव्हॉनला अगदी मनापासून वाटलं.

फाटकाशी तिनं गाडी थांबवली. ऑर्व्हल उतरला, साखळी सोडली, फाटक ओढून धरलं. ती गाडी पलीकडे घेऊन थांबली. शिकाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो आला, आत बसला आणि दार ओढून घेतलं.

ती तशीच बसून राहिली.

"चल की! कुणाची वाट बघतेस?"

मग ती उतरली. मागे जाऊन तिनं फाटक लावलं, साखळी अडकवली. परतली तेव्हा ऑर्व्हल बाजूच्या आरशात बघत होता. टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली होती.

"तुला मी पायी पाठवलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग मला का नाही पाठवलंस?"

"वारा गार सुटलाय."

त्यानं आरशातल्या फाटकाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

"शेरीफकडे नको. घरी चल. मुलीला फोन लावून दे, बोलेन मी."

तिनं गाडी वळवली. फाटकाशी ती उतरायला लागली, तसा त्यानं तिचा दंड धरला.

"शेजारी कोण बसलंय?"

तो उतरला. गाडी आत गेल्यावर त्यानं फाटक लावलं, साखळी अडकवली आणि ओढून पाहिली. दोन पावलं चालला, परत फिरला आणि पुन्हा ओढून पाहिली.