पट्टेवाल्यांच्या गावी

"तिथून नका पाहू. इकडं या, इथून पाहा," असं म्हणत आप्पा समोरच्याचं कोपर धरायचे आणि त्याला दोन पावलं बाजूला न्यायचे. माणूस कोण आहे याचा ते विचार करत नसत. कंपनीचे मालक असोत, ट्रकचा ड्रायव्हर असो की कुरियरवाला, आप्पांनी कोपर धरलं की जावंच लागे. आणि तिथं गेल्यावर काहीतरी दिसायचंच. पत्र्याच्या कडेला झोपलेलं घुबड, नाहीतर बाभळीच्या काट्यांत बसवलेलं वाटीएवढं घरटं. इतके दिवस आपण त्याच्याखालून येत-जात होतो हे कळून माणूस ओशाळायचा. आप्पा मात्र तोवर पुढं गेलेले असायचे.

जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत मी हिशेबाला होतो आणि आप्पा गोडाऊन सांभाळायचे. ते मूळचे पिंपळगाव रेणुकाईकडचे. थोरले भाऊ गावी शेती बघायचे, हे नोकरीपायी शहरात आलेले. आमच्या घरांमध्ये एकच भिंत होती, त्यामुळे दिवसा ऑफिसात आणि संध्याकाळी फाटकाशी, अशी आमची दोनदा भेट ठरलेली. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याचा आवाज कधी चढत नाही, आणि चढत नाही म्हणून तो काही करणारच नाही असं आपण धरून चालतो.

एकदा कंपनीचा एक जुना टेम्पो आवारात बरेच दिवस नुसता उभा होता. त्याच्या स्टेपनीच्या फटीत साळुंकीनं घर केलं. पेरणीच्या तोंडावर गाड्या कमी पडायला लागल्या, तेव्हा मॅनेजरसाहेब स्वतः आवारात आले.

"आप्पा, हा टेम्पो बंद आहे का?"

"न्हाई साहेब, चालू हाय."

"मग काढा की बाहेर."

"बाळंतीण हाय ती," आप्पा म्हणाले आणि त्यांनी साहेबांचं कोपर धरलं.

साहेबांनी वाकून पाहिलं. तीन उघड्या चोची. पिल्लं उडेपर्यंत आम्ही भाड्याची गाडी वापरली.

आप्पांचा कॅमेरा एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतलेला होता, वापरलेला. हिवाळ्यात रविवार उजाडला की ते मोटारसायकल काढून शहागडला जात. वर हायवेचा पूल, त्यावरून ट्रक भोंगे वाजवत जाताहेत, आणि खाली गोदावरीच्या वाळूत आप्पा घोंगडी पांघरून दगडासारखे बसलेले. ते वाट बघायचे ती हिमालय ओलांडून येणाऱ्या हंसांची. पुस्तकात त्यांचं नाव पट्टकादंब असं आहे. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. आप्पा त्यांना पट्टेवाले म्हणायचे. "आपल्या ऑफिसातले पट्टेवाले हाक मारली तरी येत न्हाईत," ते म्हणायचे, "हे बिनबुलाये बराबर टायमावर येतात."

थोरल्या भावाला हे अजिबात पटत नसे. "हरभरा खाणारं पाखरू हाय ते. आमी त्याला हाकलून राह्यलो, आन् ह्यो त्याचे फोटो काढून राह्यला." आप्पा नुसते हसायचे. लहानपणी पाखरं हाकलायला मचाणावर त्यांनाच बसवत, हे मला आप्पांच्या बायकोनं, वहिनींनी सांगितलं होतं.

तर या पट्टेवाल्यांपायी पुढचं सगळं घडलं. पुण्याकडचा एक तरुण छायाचित्रकार दर उन्हाळ्यात लडाखला फोटोग्राफीचा ट्रेक नेत असे. डोंगरातून काही दिवस चालायचं, आणि शेवटी अशा एका सरोवरावर पोहोचायचं जिथं हे हंस अंडी घालतात. मोबाइलवर ती जाहिरात आली आणि आप्पांनी फाटकाशी येऊन माझं कोपर धरलं. या वेळी दाखवण्यासारखं काही नव्हतं. ते नुसतेच धरून उभे राहिले.

"दरसाली ते आपल्याकडं पाव्हणे येतात. आपुन एकदा तरी त्यांच्या गावी जाऊन यावं का न्हाई?"

वहिनींनी अट घातली. "हे भाऊजी सोबत असले तर जा. तुम्ही वर बघत चालता, खाली कोण बघणार?" भाऊजी म्हणजे मी. मला फोटोंतलं काही कळत नाही, माझ्याजवळ फक्त मोबाइल. पण नाही म्हणण्याजोगं कारणही नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. मग आप्पा रोज सकाळी मक्याच्या बियाण्याची पाकिटं पाठीवरच्या पिशवीत भरून टेकडी चढायला लागले. फिरायला येणारी माणसं विचारायची, काय विकताय? आप्पा म्हणायचे, "अजून उगवलं न्हाई. उगवलं की सांगतो."

ट्रेकमध्ये सगळ्यांत मोठे आप्पाच होते. बाकीचे पुण्या-मुंबईचे, नोकऱ्या करणारे, हातभर लांबीच्या लेन्स घेऊन आलेले. त्या तरुण छायाचित्रकाराला सगळे सर म्हणत, आप्पाही म्हणत. सर त्यांना काका म्हणायचा. मुलगा वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. आप्पा सावकाश चालत, म्हणून तो मुद्दाम मागं राहायचा. ऊन कोणत्या अंगानं घ्यायचं हे समजावून सांगायचा. एका मुक्कामावर त्यानं स्वतःची मोठी लेन्स आप्पांच्या कॅमेऱ्याला लावून दिली, तेव्हा आप्पांनी ती दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तशी घेतली.

"सर, तुटली तर?"

"तुमच्याकडून नाही तुटणार, काका."

आमचा वाटाड्या तिथल्याच गावचा होता, मोजकं हिंदी बोलणारा. त्याचं आणि आप्पांचं फार जमलं. चढावर दम लागला की आप्पा थांबत आणि त्याच्या खांद्याला हात लावून विचारत, "अभी कितना है पट्टेवाला का गाँव?" तो प्रत्येक वेळी हसून म्हणे, "नजदीक, चाचा." नजदीक कधीच नसे.

शेवटच्या मुक्कामावर पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होती. निळंभोर पाणी, कडेला अजून बर्फाचे तुकडे, आणि दलदलीतल्या उंचवट्यांवर पांढरे ठिपके. आप्पा बराच वेळ कॅमेरा न काढताच बघत राहिले. मग म्हणाले, "हितं आवाजच न्हाई हो. आपल्याकडं बिचारे ट्रकच्या भोंग्यात कसे राहत असतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मातीच्या एका बांधाआड ओळीनं बसलो. पुढं जाऊ नका, पक्षी अंड्यांवर आहेत, असं वाटाड्यानं बजावलं होतं. ऊन चढत गेलं. हंस बसलेले ते बसलेलेच. आप्पा खूश होते. एक मादी अंडी पालथी करत होती, ते त्यांनी मला कॅमेऱ्यातून दाखवलं. पण बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली. नुसत्या बसलेल्या पक्ष्यांचे फोटो घेऊन परत जायचं का, असं एकानं विचारलं. इतका खर्च करून आलोय, असं दुसरा म्हणाला. सरनं उन्हाकडं पाहिलं. मग म्हणाला, "तयार राहा. एकदाच उडवतो."

वाटाड्या तेव्हा चहा आणायला तंबूकडं गेला होता.

मला वाटलं तो टाळी वाजवेल. त्यानं दगड उचलला आणि पाण्यात भिरकावला, लगेच दुसरा. सगळा थवा एकदम उठला. ते दृश्य सुंदर होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेकडो पंख उन्हात, मागं बर्फाचे डोंगर, आणि माझ्या दोन्ही बाजूंना कॅमेऱ्यांचा कडकडाट. त्या कडकडाटात आप्पांचा कॅमेरा नव्हता. त्यांनी तो मांडीवर ठेवला होता आणि ते उघड्या पडलेल्या अंड्यांकडं बघत होते.

कुठून आले कोण जाणे, दोन डोमकावळे उतरले. एकानं चोचीनं अंडं फोडलं. दुसऱ्यानं अख्खं उचलून नेलं आणि लगेच परत आला.

"अहो," आप्पा म्हणाले. एवढंच. आणि ते पळाले.

समुद्रसपाटीपासून एवढ्या उंचीवर कुणी पळत नाही. आम्ही तंबूची दोरी बांधली तरी धापा टाकत होतो. आप्पा बांध ओलांडून थेट दलदलीत शिरले, गुडघाभर बर्फाच्या पाण्यात. अंगातलं जाकीट काढून ते डोक्यावर गरगर फिरवत होते आणि "हाऽऽड, हाऽऽड" ओरडत होते. शेतातली पाखरं हाकलतात अगदी तसं. त्यांचा चढलेला आवाज मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मी त्यांना हाक मारत होतो, पण माझे पाय जागचे हलत नव्हते. हे काय चाललंय ते मला कळतच नव्हतं.

कावळे उडाले. लांबच्या दगडावर जाऊन बसले. आप्पा तसेच पाण्यात उभे राहिले, त्यांच्याकडं तोंड करून. कावळे तिथून सरकेपर्यंत उभे राहिले. मग वळून हळूहळू परत आले. बांधावर बसले. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. सर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, हातात अजून कॅमेरा.

"सर," आप्पा म्हणाले, "हे बराबर न्हाई झालं."

रागानं नव्हे. गोडाऊनमधलं चुकलेलं पोतं दाखवावं तसं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गार लागून राह्यलं," आणि कुशीवर आडवे झाले.

मला वाटलं, दमले. झोपू द्यावं थोडं.

सरनं कॅमेरा खाली टाकला तेव्हा मला काहीतरी कळलं, पण पुरतं नाही. त्यानं आप्पांना उताणं केलं आणि तो छाती दाबायला लागला. वाटाड्या धावत आला, त्यानं ऑक्सिजनची नळी नाकाला लावली. दोघं आळीपाळीनं दाबत होते. मग आळीपाळी राहिली नाही, सर बाजूला व्हायलाच तयार नव्हता. आणि मी काय करत होतो? मी आप्पांचे बूट काढून त्यांचे ओले मोजे पिळत होतो. पिळले, झटकले, पुन्हा पिळले. एवढ्या गार मोज्यांनी त्यांना सर्दी होईल, असं माझ्या डोक्यात चाललं होतं. त्याखेरीज दुसरं काहीही नव्हतं.

त्या वेळी मी सरोवराकडं पाहिलं. का ते ठाऊक नाही. हंस परत येत होते. एकेक करून उतरत होते, उंचवट्यांवर चढत होते, चोचीनं अंडी सारखी करून त्यांवर बसत होते. जणू काही झालंच नव्हतं. वाटाड्यानं सरचे दोन्ही हात मनगटाला धरून थांबवले तेव्हा सगळा थवा शांत बसला होता.

सरोवराच्या दुसऱ्या अंगाला कच्चा रस्ता होता, तिथून जीपनं त्यांना खाली आणलं. पहिल्यांदा फोन लागला तो एका लष्करी चौकीजवळ. थोरल्या भावाला आधी सांगायचं असं मी ठरवलं होतं, पण हात सवयीनं शेजारच्या घराच्या नंबरावर गेला. वहिनींनी उचलला.

"जेवलात का दोघं?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, घरात कोण आहे? कुणाला तरी फोन द्या."

पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

"मीच हाय," त्या म्हणाल्या. "मी ऐकून राह्यले. सांगा."

तेराव्यानंतर दोन-चार दिवसांनी सर जालन्याला आला. कुणी बोलावलं नव्हतं. दारातच बूट काढून तो भिंतीशी खाली बसला, खुर्ची दिली तरी घेतली नाही. दाढी वाढलेली. खोलीत वहिनी, थोरले भाऊ आणि मी. तोवर मी घरी फक्त एवढंच सांगितलं होतं की ते पाण्यात उतरले, धाप लागली आणि गेले. पक्षी कुणी उडवले हे माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ते त्यानंच सांगितलं.

"काकू, दगड मी मारला होता. पक्षी मी उडवले. नाहीतर काका उठलेच नसते."

थोरले भाऊ ताडकन उभे राहिले. साठी उलटलेला, रापलेला माणूस, मुठी आवळलेल्या. एका पाखरासाठी, असं काहीतरी ते पुटपुटले. मला वाटलं, आता ते याला मारणार. आणि मी मध्ये पडणार की नाही, हेही मला कळेना.

"अंडी वाचली का?" वहिनींनी विचारलं.

आम्ही तिघंही त्यांच्याकडं बघत राहिलो. त्या सरकडंच बघत होत्या. तो माझ्याकडं बघायला लागला. त्याला ठाऊकच नव्हतं.

"दोन-तीन गेली," मी म्हणालो. "बाकीची राहिली. पक्षी परत येऊन बसले त्यांच्यावर. मी पाहिलं, वहिनी."

त्यांनी मान हलवली. मग पुन्हा त्यालाच विचारलं, "आन् तुम्ही न्हाई पाह्यलं?"

"नाही, काकू," तो म्हणाला. "मी त्यांची छाती दाबत होतो."

भाऊ खाली बसले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. वहिनी उठल्या, त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या, आणि मांडीवर उताणे पडलेले त्याचे दोन्ही हात बराच वेळ बघत राहिल्या.