देवांना बोलवायचं कुठे?

आंबिवलीजवळच्या त्या आगरी गावात भटजी उशिरा आला तर चालून जातं, धवलारीण मात्र वेळेवर हवी. हळदीला तिनं धवळे गात एकेका देवाला आणि पितराला नावानिशी आवतण द्यायचं, ते मांडवात येऊन बसले की मगच नवरीला हळद. गोदाआजी हे सासूकडून शिकली आणि निम्म्या गावाचे संसार तिच्याच गळ्यातून सुरू झाले. गळा खणखणीत, तोंड त्याहून खणखणीत. गावची भातखाचरं गेली तिथं विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हापासून तिचा त्याच्यावर राग. पोरं फटफट्या उडवतात, पोरी खिदळतात, शिकतात कधी देव जाणे, असा तिचा ठरलेला शेरा.

आणि आता गंमत बघा. कोरोना आला, पोरंपोरी आपापल्या घरी गेली, तर त्याच विद्यापीठानं मुलींचं वसतिगृह आसपासच्या गावांतल्या आजाऱ्यांसाठी खुलं केलं. मेसच्या चुली पेटत्या ठेवल्या. प्राध्यापक दारोदार फिरून बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावू लागले. घरी बसलेल्या विद्यार्थ्यांनी गावची म्हातारी माणसं वाटून घेतली, रोज फोन करून विचारपूस चालू. गोदाआजीला फोन करणाऱ्या मुलीनं विचारलं, आजी जेवलात का? आजीनं उलट तिलाच विचारलं, तुझं लगीन ठरलं का? दुसऱ्या दिवशी पोरीनं तरीही फोन केला, तेव्हा आजीचा राग जरा उतरला.

दुसऱ्या लाटेत नात कल्पिताचं लग्न निघालं, घरच्या घरी, मोजक्या माणसांत. सगळं ठरलं आणि हळदीच्या तोंडावर माशी शिंकली. आजीला ताप आला आणि तपासणीत नको तेच निघालं. मला मागच्या खोलीत कोंडा, मी खिडकीतून गाते, म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. पण घरात नवरी, तिला कसं धोक्यात घालणार? शेवटी मुलगा गोविंदानं हात जोडले आणि म्हातारी फणफणत वसतिगृहात दाखल झाली.

तिला आजाराची भीती नव्हती हो. जीव अडकला होता हळदीत. आख्ख्या गावाची हळद आपण गायली आणि आपलीच नात कोरडी जाणार, या विचारानं तिला घास गिळवेना. तिकडे कल्पिताही हटून बसली, आजीच्या धवळ्यांशिवाय हळद लावून घेणार नाही म्हणाली.

वसतिगृहाच्या योगिनी मॅडम रोज सकाळी अंगभर पीपीई कीट चढवून यायच्या. त्यांनी आजीचं ताट तसंच परत जाताना पाहिलं आणि कारण काढून घेतलं. त्या म्हणाल्या, आमचे सगळे तास फोनवरच चाललेत, मग हळद का नाही? हळदीच्या सकाळी शिकवायचा मोठा टॅब आणून त्यांनी आजीच्या खाटेसमोर टेकवला. शेजारच्या खाटांवरच्या मूळची साताऱ्याकडची वैशाली आणि मालवणची शीला उठून बसल्या. टॅबवर घरचा मांडव दिसला, पिवळी साडी नेसलेली कल्पिता दिसली, सगळे आनंदले. आणि नेमकी तेव्हाच गोदाआजी तोंड मिटून बसली.

मॅडमनी विचारलं, आजी, बरं वाटत नाही का?

"मना एक सांग मॅडम," आजी म्हणाली. "मी देवांना हितून हाक मारली तं देव येतील कुठं? हितंच ना? मग माझ्या पोरीचा मांडव रिकामा नाय का राहणार?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे मी कशी ठरवणार, ज्या मुलीची हळद आहे तिलाच विचारू.

आजीनं विचारलं. कल्पिता फोनजवळ सरकली आणि म्हणाली, "आजी, देवांना तिथंच बोलव. इथं आम्ही धडधाकट आहोत. आमच्याकडं ते सावकाश आले तरी चालेल."

आजी रडली, चांगली मोकळी होऊन रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं आवाज लावला. खोकला मध्ये मध्ये यायचा, तेव्हा वैशाली नि शीला ओळीचा शेवट ओढून धरायच्या, सूर गेला कुठच्या कुठे, पण ओळ तुटू दिली नाही. एकवीरा आली, गावदेवी आली, सासरेबुवा आले, सासूबाई आल्या. मग आजीनं वैशालीला तिचा देव विचारला आणि पालीचा खंडोबा आला. शीलाचा रवळनाथ आला. तिकडे कल्पिताच्या गालाला हळद लागत होती.

"मॅडम, तुझा देव कोन?"

मॅडम ओशाळल्या. त्या म्हणाल्या, खरं सांगू का आजी, मी देव मानत नाही.

"असूं दे," आजी म्हणाली, आणि पुढच्या ओळीत, रवळनाथाच्या पाठोपाठ, तिनं नावानिशी योगिनी मॅडमना आवतण दिलं.

मांडवातली माणसं तिकडून टाळ्या वाजवत होती. इकडे कीटाच्या आत मॅडमचा चष्मा धुरकटून गेला, आणि पुसायची काही सोय नव्हती.