रोसी, ऐकू येतंय का?

मार्च अर्धा सरला तरी ब्रेम्बेकवरचं आभाळ काही निवळत नव्हतं. रविवारची सकाळ, आणि वरून ओला बर्फ. जमिनीला टेकायच्या आत त्याचं पाणी होत होतं आणि मैदानाच्या कडेचा चिखल आणखीच पातळ होत होता. मुख्य स्टँडच्या पोटातल्या धुलाईच्या खोलीत रोस्विता क्रुप्का सरावाचे मोजे सुलटे करत बसली होती. खेळाडू केवढाही मोठा असो, मोजा काढणार तो उलटाच. कोपरापर्यंत हात आत घालायचा, चवड्याचं टोक चिमटीत धरायचं आणि खसकन ओढायचं. मग गवताच्या काड्या, मातीची ढेकळं आणि कुणाच्या तरी घोट्याची पट्टी बाहेर पडायची. इतकी वर्षं हे करून तिचा उजवा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला होता. डावा मात्र चारचौघींसारखा.

खोलीचं दार सताड उघडं होतं. थंडी आत घुसत होती, पण सामन्याच्या दिवशी सकाळी ते दार उघडंच असायचं.

भोंगे खरखरले. रिकाम्या स्टेडियमभर घोगरा आवाज घुमला.

"रोसी, ऐकू येतंय का?"

रोस्विताने मशीनवरचा पांढरा टॉवेल उचलला, दारातून बाहेर आली आणि तो डोक्यावर धरून दोनदा हलवला. समोरच्या स्टँडच्या माथ्यावर काचेची एक खोली होती. तिच्यात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने हात वर केला. झाली मायक्रोफोनची तपासणी.

"बाकीच्या क्लबांत एक-दोन-तीन म्हणत्यात," फाटकावरचा कुनो पिलार्स्की छत्रीखालून ओरडला. "आपल्याकडं बायकोला हाक मारत्यात. म्हणून तर आपण शेवटून दुसरे!"

"तू फाटक सांभाळ रे. तुझ्या बायकोनं तर तुला हाक मारायचंच सोडलंय."

"तिला गरजच काय? मी लांब जातोय कुठं!"

कुनो खदखदून हसला आणि खोकत खोकत निघून गेला. तो आणि रोस्विताचा नवरा एवाल्ड, दोघंही ब्रेम्बेकच्या कोळशाच्या खाणीतले. एवाल्ड खाणीच्या तोंडाशी पाळण्यावर होता. कोण खाली चाललंय, कोण वर येतंय, हे पुकारायचं त्याचं काम. रोस्विता तेव्हा दवाखान्याच्या धोबीखान्यात जायची. वाट खाणीच्या भिंतीकडेनं होती. भिंतीपलीकडून रोज पहाटे एक आवाज यायचा, तांब्याच्या मोठ्या भांड्यावर मूठ मारावी तसा. त्या आवाजाचा माणूस तिने कितीतरी महिने पाहिलाच नव्हता. पाहिला तेव्हा जरा हिरमुसलीच, कारण माणूस बुटका निघाला. पण त्याने तिचं नाव विचारलं, आणि 'रोस्विता'चं 'रोसी' करून असं काही उच्चारलं की बुटकेपणाचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

पुढे खाण बंद पडली. पुरुष खिडकीशी बसून रस्ता बघू लागले. एवाल्डही बसला. मग गावच्या फुटबॉल क्लबचा, कॉन्कॉर्डिया ब्रेम्बेकचा निवेदक गाव सोडून गेला आणि कुणीतरी म्हणालं, क्रुप्काला बसवा एका सामन्यापुरता. तो बसला तो बसलाच. तिने सुद्धा दवाखाना सोडला आणि क्लबचे कपडे धुवायला घेतले. त्यांना मूलबाळ नव्हतं. रविवार होता.

गोल झाला की एवाल्ड नुसतं पहिलं नाव घ्यायचा आणि आडनाव नऊ हजार लोक ओरडायचे. मग तो विचारायचा, "कॉन्कॉर्डिया?" लोक खरा आकडा सांगायचे. "पाहुणे?" आणि लोक म्हणायचे, "शून्य!" पाहुण्यांनी चार गोल ठोकलेले असले तरी शून्यच. रीतच तशी. मग एवाल्ड म्हणायचा, "डांके!", आभार. आणि सगळं मैदान एका घशाने उत्तर द्यायचं, "बिट्टे!", त्यात काय एवढं. रोस्विताला हे सगळं पोरकट वाटायचं. तरी धुलाईच्या खोलीत एकटी असली की "बिट्टे" तीही म्हणायची.

त्या रविवारी कॉन्कॉर्डिया हरलं. शून्य-दोन. सोमवारी गावभर घसे बसलेले. बेकरीतली बाई घोगऱ्या आवाजात पाव देत होती, पोस्टमन खुणा करत होता. ब्रेम्बेकमध्ये सोमवारी ज्याचा आवाज साफ, तो सामन्याला गेलाच नाही असं लोक धरून चालत. एवाल्डचा घसा मात्र बुधवारीही बसलेला असायचा, गुरुवारीही. पण तो सगळ्यात जास्त ओरडणारा, तेव्हा त्याचा घसा सगळ्यात उशिरा सुटणार, असा हिशोब सगळ्यांनी करून टाकलेला. रोस्विताने सुद्धा. हिवाळाभर ती त्याला मधातल्या गोळ्या चघळायला देत होती.

मग देशाच्या संघाचे सामने होते म्हणून लीगला सुट्टी लागली. एक रविवार रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली तर बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "काय गं रोसी, पाव कापून देऊ?" पोस्टमन शीळ घालत गेला. रोस्विता घरी आली. एवाल्ड स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत होता.

"कॉफी उरलीय का?" त्याने विचारलं. आवाज पत्र्यावर वाळू ओढावी तसा.

पावाची पिशवी तिच्या हातातच राहिली.

"एवाल्ड, काल सामना नव्हता."

"मग?"

"मग तुझा घसा कशानं बसलाय?"

अख्ख्या गावात हा प्रश्न तोवर कुणाला पडलाच नव्हता.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. तपासण्या झाल्या. दोघांना समोर बसवून ते म्हणाले, "श्रीयुत क्रुप्का, गाठ वाढलेली आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. आधी काही उपचार करू, मग मे महिन्यात शस्त्रक्रिया. जीव वाचण्याची आशा चांगली आहे."

"आणि आवाज?" रोस्विताने विचारलं.

"तो राहणार नाही. पुढे यंत्राच्या मदतीने थोडंफार बोलता येतं. पण हा आवाज नाही. आणि तोवर घशाला शक्य तितकी विश्रांती द्या."

एवाल्डने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट केलं. "मेमध्ये कधी?"

तारीख निघाली ती शेवटच्या सामन्यानंतरच्या मंगळवारची. एवाल्डने मान हलवली, जणू कुणी त्याच्या सोयीने ठरवून दिली होती.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "सामन्यापुरता ठेवतो बघ आवाज. मधल्या दिवसांत गप."

"आणि घरी?"

"घरी काय, तू बोलतीसच की दोघांच्या वाटचं."

ती हसली. तेव्हा ती हसलीच. त्या बोलण्याचा अर्थ तिला दुसऱ्या दिवशीपासून कळायला लागला. कॉफी हवी असली की तो टेबलावर बोटाने टकटक करायचा. मीठ कमी असलं की मिठाच्या डबीकडे बघायचा. बागेतून आत यायचा तो पायताण आपटत. ज्या घरात भिंतींनी सुद्धा कान झाकावेत असा तो बोलायचा, त्या घरात आता घड्याळ ऐकू येऊ लागलं. तिने रेडिओ लावला, पण रेडिओवरच्या माणसाचा चांगला आवाज ऐकून तिला राग आला आणि तिने तो बंद केला.

सामन्याच्या दिवशी मात्र भोंग्यांतून तो यायचा. एप्रिलच्या सुरुवातीला "रोसी, ऐकू येतंय का?" असं अख्खं वाक्य यायचं. महिन्याअखेरीस नुसतं "रोसी?" उरलं. ती टॉवेल हलवायची. आठवडाभरातून तिच्या वाट्याला तेवढंच, आणि तेही अख्ख्या स्टेडियमच्या भोंग्यांतून. क्लबमध्ये सगळ्यांना आता ठाऊक होतं. त्याला बाजूला करावं असं कुणी सुचवलं नाही. उलट खेळाडू सामन्याआधी काचेच्या खोलीकडे हात करायचे. तरी कॉन्कॉर्डिया हरतच होतं. जिंकायला हवं तेव्हा नुसती बरोबरी करत होतं.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात, बुधवारी, जेवणं झाल्यावर ती भांडी पुसत होती. पाठ त्याच्याकडे. ती म्हणाली, "एवाल्ड, एकदा हाक मार ना. इथं. घरात."

तिने वळून बघितलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि दुसऱ्या हाताने तो दिनदर्शिकेवरचा रविवार दाखवत होता.

तिने हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं.

"नऊ हजार माणसांना देतोस! तुझा क्लब हरू दे, जिंकू दे, खड्ड्यात जाऊ दे! मी काय मागतीये? दोन अक्षरं! ती पण कॉन्कॉर्डियाची?"

एवाल्डने मांडीवरचं फडकं उचललं, नीट घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड त्याने मिटूनच ठेवलं.

रविवारी ऊन पडलं होतं. गणित सोपं होतं. जिंकलं तर कॉन्कॉर्डिया दुसऱ्या लीगमध्ये तरलं, नाही तर खाली तिसरीत. सकाळी रोस्विता जर्सी घडी करून प्रत्येकाच्या जागेवर ठेवत होती. तिने दार उघडं ठेवलं होतं. ठेवायचं नाही असं ठरवून आली होती, तरी.

भोंगे खरखरले. ती थांबली.

टक. टक. टक. मायक्रोफोनवर बोटाचं नख. बस. मग भोंगे बंद झाले.

कुनो दारात आला होता, हातात मोहरी लावलेलं सॉसेज. त्याने तिच्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं.

"सामन्याला राखून ठेवलाय त्यानं, रोसी. वाईट नको वाटून घेऊ."

"मला कशाला वाईट वाटतंय? मोहरी सांडतीये तुझी, माझ्या फरशीवर नको."

कुनो गेला. टॉवेल तिने मशीनमध्ये कोंबला. मग पुन्हा बाहेर काढला आणि होता तिथे ठेवला.

सामना तिने बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून पाहिला. पाहुण्यांनी मध्यंतराआधी एक गोल केला, नंतर दुसरा. कुणी शाली डोक्यावर घेतल्या होत्या, जणू पाऊसच पडतोय. सामना संपत आला तेव्हा कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला कॉन्कॉर्डियाच्या व्होर्मानने डोकं लावलं. गोल. आता काही उपयोग नव्हता, सगळ्यांना ते दिसत होतं. तरी सगळे काचेच्या खोलीकडे वळले.

"यानिक..." भोंग्यांतून फाटकं काहीतरी आलं.

"व्होर्मान!"

"कॉन्कॉर्डिया?"

"एक!"

"पाहुणे?"

"शून्य!" नऊ हजार लोक रडत, हसत धादांत खोटं ओरडले.

मग "डांके" यायला हवं होतं. आलं नाही. भोंग्यांतून नुसती हवा आली, चाकातली जाते तशी. सगळं मैदान थांबलं. तेवढ्यात कुठूनसं, उभ्या लोकांच्या स्टँडमधून, कुणीतरी म्हणालं, "बिट्टे." मग शेजारचा म्हणाला. मग सगळे, पण न ओरडता, घरात एकमेकांना म्हणावं तसं. "बिट्टे, एवाल्ड. बिट्टे." रोस्विताने तोंडावर हात घेतला. तिला ते म्हणता आलं नाही. तिचं त्याच्याकडचं येणं अजून बाकी होतं.

शिट्टी झाली. कॉन्कॉर्डिया खाली गेलं.

लोक बराच वेळ हलले नाहीत. मग हलले. खेळाडूंनी कपडे बदलायच्या खोलीत मधोमध मळक्या कपड्यांचा ढीग घातला. रोस्विताने ढीग ढकलगाडीत भरला आणि खोलीत आणून रिकामा केला. फाटकं बंद झाल्याचा आवाज आला. उन्हं समोरच्या स्टँडच्या छतावर तेवढी उरली होती. तिने एक मोजा उचलला, हात आत घातला.

भोंगे खरखरले.

कुणीतरी बंद करायला विसरलं असेल, तिला वाटलं. मग श्वास ऐकू आला. मोठा, जवळचा, रिकाम्या बाकांवरून फिरत आलेला. आधी घशात काहीतरी घासलं. पुन्हा घासलं. मग नुसत्या हवेचे दोन तुकडे आले, एक लांब, एक आखूड. त्यात 'र' नव्हता, 'स' तेवढा होता. आवाज नव्हताच.

दुसऱ्या कुणाला ते नाव वाटलं नसतं.

मोजा हातावर तसाच ठेवून ती उठली. टॉवेल घेतला आणि दारातून पळत बाहेर आली. काचेवर ऊन पडलं होतं, आत माणूस आहे की नाही ते कळत नव्हतं. तिने टॉवेल डोक्यावर धरला आणि हलवला. दोनदा नाही, हात भरून येईतो हलवत राहिली. मग काचेमागे काहीतरी वर उठलं. हात असावा.

"ऐकू आलं!" ती ओरडली. तिचा आवाज भोंग्यांशिवाय अर्ध्या मैदानापर्यंतही गेला नसेल.

भोंगे बंद झाले. थोडा वेळ ती तिथेच उभी राहिली. वरून खाली यायला त्याला वेळ लागायचा, गुडघे दुखतात म्हणून. तोवर आत ढीग पडला होता आणि चिखल वाळला की निघत नाही. ती आत गेली, स्टुलावर बसली आणि कोपरापर्यंत चढलेल्या त्या मोज्याचं टोक चिमटीत धरून तिने तो सुलटा केला.