तेराचा पाना

हसायचं असेल तर खुशाल हसा, मला आता सवय झाली आहे. पण कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर असलेला माणूस घरी किती मोठा गाढवपणा करू शकतो, हे तुम्हाला एकदा कळायलाच हवं.

आमचे आप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले आणि पुढे साखरेनं त्यांची नजर नेली. समोर कुणीतरी उभं आहे, एवढंच आता कळतं. तरी दर रविवारी सकाळी, कुळगावच्या आमच्या बिल्डिंगखाली, ते आपल्या जुन्या स्कूटरशेजारी पाटावर बसतात. शर्टाच्या खिशातून पाना काढतात आणि चाचपत चाचपत एकेक बोल्ट आवळतात. स्कूटर आता कुणी चालवत नाही. पण आठवड्यात हे एकच काम त्यांना कुणाच्या मदतीशिवाय जमतं.

मला काय सुचलं असेल? बोल्ट गंजलेत, आप्पांचा वाढदिवस आलाय, सगळे नवे घालूया! ते दोन दिवस आत्याकडे बदलापूर गावात गेले होते. तेवढ्यात मी बोल्ट काढले, पिशवीत भरले आणि उल्हासनगरला नट-बोल्टच्या दुकानात गेलो.

दुकानदार सिंधी, वयस्कर. त्यानं एकेक बोल्ट उलटासुलटा करून पाहिला.

"साब, मोटाई सबकी अलग, लेकिन हेड सबका तेरा का. किसी ने शौक से बनवाया है. फेंकना मत."

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी त्यालाच स्टँडर्ड साइज म्हणजे काय, यावर दहा मिनिटं ऐकवलं. बिचाऱ्यानं मुकाट्यानं दहा, चौदा, सतरा एमएमच्या डोक्याचे चकचकीत बोल्ट काढून दिले. जुने मी बाहेर उभ्या असलेल्या भंगारवाल्याच्या हातगाडीत टाकले. घरी येऊन नवे बसवले; नंबर प्लेटचा तेवढा एक जुना बदलायचा राहिला होता. मागचं कोण बघतंय, म्हणून सोडून दिला. हो, क्वालिटी इन्स्पेक्टरनंच.

रविवारी आप्पा पाटावर बसले. पहिल्या बोल्टावर पाना नुसताच फिरला. दुसऱ्याला तो बसेचना. तिसरा, चौथा, तेच. मग त्यांनी पाना मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत राहिले.

"हातही गेला रे माझा," ते म्हणाले.

मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, कारखान्यातल्या एका टर्नर मित्राकडून त्यांनी सगळ्या बोल्टांची डोकी तेराची करून घेतली होती. वाटेत गाडी बंद पडली, तर खिशातल्या एका पान्यात सगळी उघडायला हवी. तो मित्र आता हयात नाही.

"बरं केलंस. नवीन ते नवीन," असं म्हणून त्यांनी पाना खिशात ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी उल्हासनगर गाठलं. भंगारवाला माल विकून मोकळा झाला होता. दुकानदारानं मला बसवून चहा पाजला, तेच जास्त लागलं.

पुढच्या रविवारी आप्पा खाली उतरलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी मी हात धरून त्यांना खाली आणलं आणि स्कूटरच्या मागच्या बाजूला पाटावर बसवलं. बोटं नंबर प्लेटवरून फिरली, थांबली. पाना बसला. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी जिन्यात जाऊन रडलो.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी चोरून तो बोल्ट अर्धा फेरा ढिला करतो. ढिल्या बोल्टासाठी लोकांना मेमो देणारा मी! रविवारी आप्पा तो आवळतात. वर्ष होत आलं, कुणाला पत्ता नाही अशा समजुतीत मी होतो.

परवाच्या रविवारी पाना खिशात ठेवता ठेवता आप्पा म्हणाले, "अर्धा फेरा जास्त होतो रे. पाव फेराच ढिला करत जा, आटे जातील."