चाचांच्या नावाची कॉफी

गल्लीत कॉफीचं दुकान उघडलं तेव्हा चाचांच्या चहाटपरीवर बसून त्याची सगळ्यात जास्त टर मीच उडवली होती. आता सांगूनच टाकतो. शुक्रवारी चाचा नमाजला गेले की मी समोरच्या त्याच दुकानात चोरून कॉफी प्यायचो. कळलं तर त्यांच्या मनाला लागेल, ही धास्ती असायचीच.

एकदा काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "काका, कपावर नाव काय लिहू?"

ती नाव मोठ्यानं पुकारायची. माझं सांगायची हिंमत झाली नाही, आणि गडबडीत तोंडून चाचांचंच नाव निघालं.

चाचा नेमके तेव्हाच परतले होते. हाक ऐकून ते रस्ता ओलांडून आत आले.

"कोन बलावून राह्यलं मले?"

पोरीनं कप पुढे केला. चाचांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माह्या नावाची हाये, म्हंजे माहीच." एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "याच्यासाठी लपून राह्यला बे तू? चाल, तोंड धुवाले चहा पी."

टपरीवर त्यांनी चहा ओतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं माझं नाव पुकारलं.